‘दादा’ हा टॅग काढताना

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तरी सातारा जिल्ह्यातली सत्तरी गाठलेली माणसंसुद्धा त्याला ‘दादा’ म्हणायची आणि तो खुशाल ओ द्यायचा. मला याचा राग यायचा, म्हणजे लटकाच. “अरे, तुझा शेंबूड मी पुसलाय,” मी म्हणायची, “आणि तू जगाचा दादा होऊन बसलास?” त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असे, “तू सांगलीत बसून परदेशातली सॉफ्टवेअरं दुरुस्त करतेस. तुला ताई तरी कोण म्हणतं?” ते खरंच होतं. तो म्हणायचा, आणि त्याची बायको म्हणते.

साताऱ्यात राहत्या घरालाच लागून त्याची माती-पाणी तपासायची छोटी प्रयोगशाळा होती. लोक मातीची पिशवी घेऊन यायचे, ती टेबलावर ठेवायचे आणि मग तासभर आल्याच्या पिकाचं गाऱ्हाणं सांगत बसायचे. फोनवर पुन्हा तेच. एकच उत्तर देऊन देऊन घसा बसायला लागला, तेव्हा त्याने आलं आणि हळद लावणाऱ्यांसाठी प्रश्नोत्तरांची एक साइट काढायचं ठरवलं. ज्याला अडचण असेल त्याने प्रश्न लिहायचा, ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर द्यायचं, आणि उत्तर पटलं तर विचारणाऱ्याने त्यापुढे हिरवी खूण करायची. साइट मीच उभी करून दिली. सॉफ्टवेअर तयार मिळालं, ते फक्त मराठीत आणलं.

प्रश्न लिहून झाला की खाली एक चौकोन येतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, ‘टॅग करा’. तिथे पिकाचं किंवा रोगाचं नाव लिहावं अशी आमची अपेक्षा होती, म्हणजे एका विषयाचे प्रश्न एका जागी सापडले असते. पण आमच्याकडचे लोक टॅग करायला शिकले ते फेसबुकवर, लग्नाच्या फोटोंवरून. तिथे टॅग करतात ते माणसाला. मग प्रश्न ज्याला विचारायचा त्याचं नाव लोकांनी सरळ त्या चौकोनात लिहिलं. ‘दादा’. एकाने लिहिलं ते बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने. काहींनी ‘साहेब’ लिहिलं, काहींनी ‘मदत’. सैन्यातून निवृत्त होऊन आल्याची शेती करणाऱ्या एका गृहस्थांनी आपल्या प्रत्येक प्रश्नाला ‘जय हिंद’ असा टॅग लावला होता. पण साइटवरचा सगळ्यात मोठा टॅग ‘दादा’च होता. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसून हसून बेजार झाले.

त्याला मात्र ते हसण्यावारी नेता येत नव्हतं. उत्तरं द्यायला आणखी दोघं-तिघं तयार होती. इस्लामपूरकडचा एक मुरलेला शेतकरी होता, सांगलीतले एक निवृत्त कृषी अधिकारी होते. पण ते आपापल्या विषयाच्या टॅगवर नजर ठेवायचे. कंदकुजीचा प्रश्न ‘दादा’खाली पडला तर त्यांना तो दिसायचाच नाही. “सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर येतंय गं,” तो म्हणायचा. “चार दिवस कुठं गेलो की प्रश्न पडून. आणि तिकडं शेतात आलं कुजतंय.”

भाऊबीजेला मी साताऱ्याला गेले होते. ओवाळून झाल्यावर तबकात काही टाकायच्या ऐवजी त्यानेच हात पुढे केला. “या वर्षी ओवाळणी तू दे. ते टॅग बदलायची स्क्रिप्ट लिहून दे.” मी म्हटलं, उलटी गंगा वाहायला लागली. पण जेवणं झाल्यावर आम्ही दोघं प्रयोगशाळेच्या टेबलापाशी लॅपटॉप घेऊन बसलो.

ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते. अशा साइटला पुढच्या दाराबरोबर एक मागचं दारही असतं, त्याला एपीआय म्हणतात. पडद्यावर एकेक प्रश्न उघडत बसण्याऐवजी आपला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, त्या दाराने प्रश्न मागतो, वाचतो, बदलतो आणि परत ठेवतो. मी पायथन या संगणकाच्या भाषेत लिहीत होते आणि तो शेजारी बसून मला शेतकऱ्यांची भाषा सांगत होता. “नुसतं कंदकूज शोधू नको. गड्डा कुजला लिहितात, बूड सडलं लिहितात, खोड ओढलं की हातात येतंय असं लिहितात. ते सगळं कंदकुजीत घाल.” कुणाच्याही प्रश्नात बदल करायचा अधिकार त्याच्या खात्याला होता, म्हणून स्क्रिप्टला आत सोडणारी किल्लीही आम्ही त्याच्याच खात्यातून काढली.

मध्येच वहिनी कॉफी घेऊन आली. ती माझ्याहून लहान आहे, पण मी तिला वहिनीच म्हणते. तिने विचारलं, “आणि माझ्या प्रश्नाचं काय झालं?”

“रांगेत आहे,” तो मान वर न करता म्हणाला.

हा त्या दोघांमधला जुना खेळ होता. तिच्या गच्चीवरच्या कुंडीतला कढीपत्ता खुरटला होता. जेवताना तिने त्याबद्दल विचारलं की हा म्हणायचा, “घरी आलोय मी. साइटवर विचार.” एक दिवस तिने खरंच साइटवर प्रश्न टाकला. ‘कुंडीतल्या कढीपत्त्याला नवी पानं येत नाहीत, काय करावं?’ आणि खालच्या चौकोनात टॅग लिहिला, ‘अहो’. माहेरी औंधला तिच्या घरात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, आणि सगळ्या जगाचा दादा तो तिचा दादा कसा असेल? तो पलीकडच्या खोलीत बसून हे वाचत होता. त्याचं हसणं खाली रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. त्या प्रश्नाला त्याने मुद्दाम उत्तर दिलं नाही. ती अधूनमधून विचारायची आणि तो रांग दाखवायचा.

त्या दुपारी अर्धीअधिक स्क्रिप्ट झाली. उरलेली पुढच्या खेपेला करू असं ठरलं.

संक्रांतीनंतर आठवड्याभरात तो गेला. प्रयोगशाळेत, खुर्चीत बसल्या बसल्या. हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी सांगितलं. यापुढे त्या दिवसाबद्दल मला काही लिहिता येत नाही.

दहाव्याला आम्ही सगळे माहुलीच्या संगमावर होतो. मी असल्या गोष्टी मानणारी नाही, आणि मानत नाही हे चारचौघांत सांगणारी आहे. पण त्या दिवशी गप्प उभी होते. पिंड ठेवला, सगळे मागे सरले. समोरच्या झाडावर हवे तितके कावळे होते, पण एकही खाली उतरेना. काका पुढे झाले. “बाबा रे, तुझ्या बायकोला आम्ही अंतर देणार नाही.” कावळे जागचे हलले नाहीत. “तुझी प्रयोगशाळा बंद पडू देणार नाही.” तरी नाही. वहिनी हात जोडून उभी होती. ती रडत नव्हती. ती पहिल्या दिवसापासून रडली नव्हती आणि आम्हाला त्याचीच धास्ती वाटत होती. काही वेळाने गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववू या, उन्हं वर आली.

मला त्या कावळ्यांचा संताप आला. माझ्या भावाला कशासाठी ताटकळत ठेवलं होतं? मी पुढे झाले आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाले, “तुझे टॅग मी लावून देते. सगळे लावते. जा आता.”

एक कावळा उतरला आणि भाताला चोच लावून गेला. कावळ्याला पायथनमधलं काय कळतंय, हे मलाही समजतं. योगायोग असेल. पण नदीकाठी, इतक्या माणसांसमोर, मी शब्द देऊन बसले होते.

सांगलीला परत आल्यावर स्क्रिप्टचं फोल्डर उघडायला माझा हात धजेना. त्यात त्याने सांगितलेले शब्द होते, बूड सडलं, खोड हातात येतंय, आणि ते वाचताना मला त्याचा आवाज ऐकू यायचा. उन्हाळा लागला तेव्हा एका रविवारी सकाळी कसंबसं ते काम पुढे घेतलं. उरलेली स्क्रिप्ट पुरी केली आणि आधी साइटवर काही न बदलता ती नुसती चालवून पाहिली, म्हणजे कुठल्या प्रश्नाचं काय होईल ते कळतं. पडद्यावर प्रश्नांमागून प्रश्न सरकू लागले. दादा, पानं पिवळी पडल्यात. दादा, ठिबकमधून काय सोडू. दादा, पोरीचं लग्न काढलंय, आलं आत्ता काढू का महिनाभर थांबू? या शेवटच्याला कुठला टॅग लावायचा ते मला सुचेना. त्याने मात्र त्याला पानभर उत्तर दिलं होतं, आणि त्यात निम्मं लग्नाबद्दलच होतं.

सगळ्यात शेवटी ‘अहो’ दिसला. एकच प्रश्न. तो मी वगळला. त्याला हात लावायचा नाही असं स्क्रिप्टमध्ये स्वतंत्र लिहिलं आणि ते कुणाला सांगितलं नाही.

मग चाचणी म्हणून अलीकडच्या चार-पाच प्रश्नांचे टॅग खरोखरचे बदलले. तो गेल्यानंतरही लोक ‘दादा’ असा टॅग लावून विचारतच होते. निधनाची बातमी आम्ही पहिल्या पानावर लावली होती, पण पहिलं पान कोण वाचतं? चाचणी नीट झाली. मी चहा टाकला. तो उकळतोय तोवर वहिनीचा फोन आला.

“ताई, तुम्ही काही केलंत का?”

त्याचा मोबाइल ती रोज चार्ज करून ठेवायची. त्यावर रहिमतपूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन आला होता. ते बोलले ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं. “आवं वैनी, दादा बरं झालं न्हवं? कोन तरी म्हनलं आजारी हायती. आत्ता मोबाइलवर आलंय, दादांनी तुमच्या प्रश्नात बदल केला म्हनून. लय बरं वाटलं बगा. माझ्या बेण्याला बुरशी धरलीया, लागण तोंडावर आलीया. उत्तर कवा देत्यात तेवढं इचारा की त्यास्नी.”

किल्ली त्याच्या खात्याची होती. साइटच्या दृष्टीने तो बदल त्याने केला होता, आणि तसा निरोप साइटने इमानदारीत पाठवून दिला होता.

“तू काय सांगितलंस त्यांना?”

“विचारून सांगते म्हणाले,” वहिनी म्हणाली. “तोंडातून तेच निघालं.”

मी माफी मागितली, किल्ली रद्द करते म्हणाले, टॅग का बदलतेय ते समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ताई, राहू द्या ना ते दादा. त्या एकाच ठिकाणी अजून कुणी तरी त्यांना हाक मारतंय. मी रोज सकाळी उघडून बघते. आज किती जणांनी बोलावलं ते बघते. तेवढंच आहे मला.”

ज्याला शब्द दिला तो भाऊ, आणि जी नको म्हणतेय ती त्याची बायको. मी लॅपटॉप मिटला.

पण चाचणीत त्या म्हाताऱ्यांच्या प्रश्नाला ‘आलं’ आणि ‘बेणं’ असे टॅग लागले होते. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या निवृत्त अधिकाऱ्यांना तो दिसला आणि त्यांनी उत्तर लिहिलं. खराब गड्डे बाजूला काढा, उरलेलं बेणं कशात बुडवा, किती वेळ सुकवा, सगळं. प्रश्न टाकून पंधरवडा उलटला होता आणि तोवर कुणाच्या नजरेला पडला नव्हता. वहिनीने ते वाचलं. मग तिने त्या म्हाताऱ्यांना फोन करून सांगितलं, दादा गेले, संक्रांतीनंतर गेले. ते फोनवरच हमसून हमसून रडायला लागले आणि हिलाच त्यांची समजूत घालावी लागली. त्यानंतर तिने मला फोन केला.

“बाकीच्यांचं बेणं पण कुजत असेल ना,” ती म्हणाली. “या तुम्ही रविवारी. इथं बसून करा. मला बघायचंय.”

मी गेले. त्याच टेबलापाशी बसलो. या वेळी माझ्या खात्याला तो अधिकार देऊन किल्ली त्यातूनच काढली होती. प्रत्येक बदलाचं कारण लिहावं लागतं, तिथे काय लिहावं यावर मी बराच वेळ अडले. वहिनी म्हणाली, “लिहा, उत्तर लवकर मिळावं म्हणून.” ते लिहिलं आणि स्क्रिप्ट सोडली.

पडद्याच्या एका कोपऱ्यात ‘दादा’ टॅगखाली उरलेल्या प्रश्नांचा आकडा मी उघडा ठेवला होता. तो भराभर उतरायला लागला. वहिनी त्याच्याकडे टक लावून बघत होती. एकदम तिने माझा हात धरला. “ताई, जरा हळू जाऊ द्या ना.”

साइटवर ताण येऊ नये म्हणून अशा स्क्रिप्टमध्ये दोन बदलांच्या मध्ये थोडं थांबायला सांगावं लागतं. मी ती थांबवली, मधली वेळ वाढवली आणि पुन्हा सुरू केली. आकडा आता एकेक करून खाली येत होता. तासाभरात व्हायच्या कामाला सगळी दुपार लागली. मध्ये कुणी तरी मातीची पिशवी घेऊन आलं, दाराशी थोडा वेळ उभं राहिलं आणि न बोलता पिशवी ठेवून गेलं. मला ओक्साबोक्शी रडायचं होतं. पण ती रडत नसताना मी कशी रडू? आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. संध्याकाळी आकडा शून्यावर आला. ज्या टॅगखाली एकही प्रश्न नाही तो टॅग साइट आपोआप काढून टाकते, हे मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला ते दिसणारच होतं.

“माझा राहिला,” वहिनी म्हणाली.

“तो मी मुद्दाम ठेवलाय. राहू दे.”

“नको. रांग मोडायची नाही, असं ते म्हणायचे.” तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला, स्वतःच्या खात्यातून तो प्रश्न उघडला, चौकोनातला ‘अहो’ पुसला आणि ‘कढीपत्ता’ असं लिहिलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावला.

तीन-चार दिवसांनी मी सांगलीत कामात होते, तेव्हा तिचा फोन आला.

“ताई, उत्तर आलं.”

“कशाचं?”

“माझ्या प्रश्नाचं. मेढ्याकडच्या कुणी बाई आहेत. शेंडे खुडा म्हणतात, आणि आठवड्यातून एकदा बुडाशी आंबट ताक पाणी घालून ओता.”

“मग?”

“शेंडे खुडले. ताक पण ओतलं.” मग म्हणाली, “ताई, आता ती साइट मला हिरवी खूण करायला सांगतेय. उत्तर बरोबर असेल तर खूण करा म्हणतेय. पण बरोबर आहे का, ते मी कुणाला विचारू?”

आणि ती रडायला लागली. इतके महिने आम्ही ज्याची वाट बघत होतो ते रडणं. मी तिला थांब म्हणाले नाही. मला म्हणताही आलं नसतं.

मध्यंतरी मी साताऱ्याला जाऊन आले. कढीपत्त्याला कोवळी पानं फुटली आहेत. ती खूण तिने अजून केलेली नाही.